अंतराळाचं गाऱ्हाणं

मला अंतराळवीर व्हायचंय, हे देवाच्या कानावर घालायचं वडिलांनी ठरवलं, तेव्हा मी तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन गावी आले होते. तोवर त्यांचं ते बाकी सगळ्यांना सांगून झालं होतं.

मी दूरच्या शहरात एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकते. वडील मालवणजवळच्या आमच्या गावात शाळामास्तर. 'एरोस्पेस' हा शब्द गावात पोचेपर्यंत त्यातला 'स्पेस' वाटेत कुठेतरी गळून पडला. त्यामुळे जिल्ह्यात मुंबईचं विमान आज उतरणार की नाही, हे लोक मला विचारत. पहिल्या वर्षी मी समजावून सांगायचे. दुसऱ्या वर्षापासून नुसतं "येईल" म्हणू लागले. विमान आलं की माझा मान वाढे. नाही आलं की हल्लीच्या कॉलेजांत काही शिकवत नाहीत, यावर एकमत होई.

ठरल्या सकाळी आई, वडील आणि मी देवळात गेलो. आमच्याकडे काही मोठं करायचं असलं की देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावकर, म्हणजे देवळातला पहिला मान असलेले गावप्रमुख, मोठ्या आवाजात देवाला विनंती करतात आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणायचं. आमच्या म्हाताऱ्या गावकरांनी पोलीसभरतीपासून आखातातल्या नोकरीपर्यंत सगळ्यांची गाऱ्हाणी घातलेली. त्यांनी नारळ हातात घेतला आणि मी कुठे जाणार ते विचारलं. वडिलांनी शाळेतल्या मराठीत सांगितलं, "अंतराळात."

गावकर हसले नाहीत. त्यांना अडचण वेगळीच दिसली. माणूस सीमेबाहेर गेला की आपला देव त्याला पुढच्या गावच्या देवाच्या हवाली करतो. दुबईपर्यंत ही वहिवाट चोख होती. पण सरळ वर जाणाऱ्याला कुणाच्या हवाली करायचं?

मानकऱ्यांत दोन पक्ष पडले. एकांच्या मते गावावरचं आभाळ गावाचंच. दुसऱ्यांच्या मते देवळाच्या कळसापर्यंतच आपली हद्द, त्यावर बोलायचा आपल्याला अधिकार नाही. वाद चांगलाच रंगला. तिथे या विषयाची विद्यार्थिनी मी एकटीच होते, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही. शेवटी गावकरांनाच माझी आठवण झाली. अंतराळ कितक्या लांब आसा, असं त्यांनी विचारलं. साधारण शंभर किलोमीटरवर सुरू होतं असं मानतात, असं मी सांगितलं.

"शंभर?" गावकर म्हणाले. "कोल्हापूर तेच्याहून लांब आसा."

वाद मिटला. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नेलेली गावची माणसं बरी होऊन परत येत होती, म्हणजे देवाचा हात तिथवर पोचतो हे सिद्धच होतं. गावकरांनी डोळे मिटले.

"बा देवा महाराजा, ह्या तुझा लेकरू वर जाऊक निघाला हा. तेका जसा वर न्हेतलंस, तसाच सुखरूप खाली हाड रे महाराजा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज आईचा होता. माझ्या या खुळाबद्दल ती आजवर बरंवाईट काहीच बोलली नव्हती. मला एकदम भरून आलं. तेवढ्यात ती पुढे होऊन गावकरांच्या कानाशी लागली आणि गाऱ्हाणं लांबलं. जिल्ह्यातच सरकारी नोकरी, घराजवळचं चांगलं स्थळ, आणि हे सगळं आधी, वर जायचं ते मागाहून. त्यालाही सगळे "होय महाराजा" म्हणाले. मीसुद्धा म्हटलं. त्या गर्दीत नाही म्हणायची सोय नसते.

दुपारी जेवल्यावर वडील आणि मी पडवीत बसलो होतो. ते खूप वेळ सुपारी कातरत राहिले. मग शाळेतली मराठी बाजूला ठेवून म्हणाले, "खरा सांग गो, जमतला?"

मी खरं ते सांगितलं. आपल्याकडे अजून हवाईदलाचे वैमानिकच निवडतात. माझ्यासारख्यांना पुढेमागे घेतीलही, पण माझी पाळी येईलच असं नाही. तरी मी प्रयत्न सोडणार नाही.

त्यांनी सुपारीचं एक खांड माझ्या हातावर ठेवलं.

"सोडू नको," ते म्हणाले. "पण ह्या गावात खंय बोलू नको."

दुसऱ्या दिवशी मी चहाच्या टपरीवरून जात होते. आत वडील चार माणसांना सांगत होते, की आता फक्त तारीख यायची बाकी आहे.