रात्रभर थांबणारं यंत्र

आज दुपारी श्रीगोंद्यात आमच्या शाळेच्या जुन्या सरांकडे गेलो होतो. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

माझी शाळा सुटली, पण सरांनी लिहिलेली विज्ञान कादंबरी सुटली नाही. तिच्यावर मी कॉमिक काढतोय आणि मित्र सूरज मोबाईल गेम बनवतोय. त्यासाठी सरांची परवानगी हवी, म्हणून दोघंही गेलो होतो.

कादंबरीत ऊसतोडणीच्या यंत्राला शेवटच्या सरीत बिबट्याची पिल्लं दिसतात. ते आपणहून थांबतं आणि पिल्लांची आई येईपर्यंत रात्रभर हलत नाही.

सर गेम खेळू लागले. पिल्लं दिसताच त्यांनी बोट उचलून यंत्र थांबवलं. पडद्यावर आलं, ‘वेळ संपली. तुम्ही हरलात.’

“अरे, माझं यंत्र इथंच तर जिंकतं!” सर म्हणाले.

“पण सर, नुसतं बघत कोण बसंल?” सूरज म्हणाला. “लोक गेम काढून टाकत्याल.”

सर माझ्याकडे वळले. “आणि तू रे? ती रात्र किती पानांत काढलीस?”

“एका चौकटीत,” मी म्हणालो.

“आधी दोघं ती रात्र नीट काढा. मग परवानगी.”

येताना सूरज म्हणाला, “लई हट्टी हायेत सर!” आता कोरी पानं पुढ्यात आहेत. त्यांवर अंधार, ऊस आणि थांबलेलं यंत्र, एवढंच असणार.

खरं सांगा, तुम्ही ती पानं बघाल, की आई आली का ते बघायला पुढं पळाल?