एक जूनची रास

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि शेंद्र्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, एवढं शिकून पत्त्यांच्या नादी लागली. लागले खरी.

कंपनीच्या स्टोअरमधल्या एकानं मला लग्नाचं विचारलं होतं. माणूस आवडत होता. पण त्याचं घर सिल्लोडचं, आई जुन्या वळणाची. "नोकरी सोडावी लागणार नाही, आईचं मी बघतो," असं तो म्हणाला होता. या शब्दावर भरवसा ठेवावा का, तेवढंच मला कळेना. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

लॅबमधल्या सीनियर मॅडम टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य बघतात. जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून त्यांनी पत्ते मांडले. मी एक उचलला. एक बाई, एक पुरुष, दोघंही उघडे, वर पंखवाला देवदूत. मला लाजच वाटली.

"लव्हर्स! हे मिथुन राशीचं कार्ड. तुझी जन्मतारीख काय?"

"एक जून."

"म्हणजे तू मिथुनच की! तुझंच कार्ड तुला आलं. डोळे झाकून हो म्हण."

दिवसभर मी हवेत. संध्याकाळी आईला फोन केला, तेव्हा सहज विचारलं, माझा जन्म कधीचा गं?

आई हसायलाच लागली. "एक जून व्हय? ती गुरुजीनं टाकली. शाळंत घालताना समद्या पोरांची तीच. तू झाली तवा हरभरा सोंगत होतो आम्ही. शिवरात्र नुकतीच झाली होती."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण इतक्या फॉर्मांवर ती तारीख लिहिली, की मलाच ती खरी वाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या गंभीर झाल्या. "मग तू बहुतेक मीन. मीनेचं कार्ड चंद्र." चित्रात चंद्राकडं तोंड करून कुत्रा आणि लांडगा, पाण्यातून वर येणारं खेकड्यासारखं काहीतरी. "अर्थ भ्रम. दिसतं ते खरं नसतं. थांब जरा."

"पण निघाला तर लव्हर्सच होता ना?"

"निघाला, पण तो तुझा नव्हता."

"मग कुणाचा? आणि आई तर नावावरून माझी रास कन्या धरते."

"कन्येचा हा घे." हातात कंदील घेतलेला एकटा म्हातारा. "बाई गं, तुझं भविष्य बघायला आधी तुझ्या गुरुजींना गाठावं लागंल!"

सोमवार उजाडला. कॅन्टीनमध्ये तो समोर येऊन बसला. माझ्या तोंडात हो पण होतं, नाही पण होतं. बाहेर आलं ते तिसरंच.

"तुम्ही आईशी बोललात?"

तो चहाच्या कपात बघत राहिला. "अजून नाही. म्हटलं, आधी तुमचं कळू द्या."

"आधी त्यांचं कळू द्या. माझ्यासमोर विचारा. रविवारी मी येते सिल्लोडला."

"तुम्ही? एकट्या?"

"व्हय."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "या."

त्याला आनंद झाला होता की धास्ती बसली होती, मला काही कळलं नाही. रविवारची सकाळची बस किती वाजता आहे, ते मात्र मी त्याच दिवशी विचारून आले.