चनमल्लप्पानं मोडलेला बाण

सकाळी चनमल्लप्पाचं तोंड बघितलं की माझा दिवस नासतो. खोटं कशाला बोलू? माझी सोनम ज्या मैदानावर धनुर्विद्या शिकती, तितं त्यो कपाळाला विभूती फासून खुर्ची टाकून बसतो. तीस वर्षं चादरीच्या मागावर गेली त्याची. तुटलेला धागा म्हणं आवाजावरनं कळायचा. आता पोरांचे बाण तपासतो; पोरं त्याला आप्पा म्हणतात. कार्बनचा बाण कानापाशी धरायचा आणि फिरवत फिरवत वाकवायचा. जरा कुटं करकरला की गुडघ्यावर घेऊन कडाक्! तडकलेला बाण सुटताना फुटतो आणि त्याची कुसळं हातात घुसतात, हे त्याचं म्हणणं खरं हाय. पर सांगायची काही रीत? "पोरगी थोटी करायची हाय का, यव्वा?" असं चारचौघांत मला बोलतो मेला.

खंडेनवमीला मी सोनमचे सातही बाण पाटावर मांडून पुजले. नारळ फोडायला उचलला तर हातातनं निसटला आणि नेमका बाणांवर पडला. हळदीकुंकवात काही दिसलं न्हाय. देवाच्या कामात कशाला काय होतंय, म्हणून मी गप बसले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सराव हुता आणि त्याच्या पुढच्या दिवशी राज्याच्या संघाची निवड. तितं एका फेरीला सहा बाण लागतात. चनमल्लप्पानं पहिलाच बाण ओल्या फडक्यानं पुसला. माझं कुंकू पुसलं! वाकवला, ऐकला, मोडला. ह्याला कशाचा मार बसलाय, असं त्यानं विचारलं. कशाचाच न्हाय, मी म्हणाले. पुजलेला बाण मोडला म्हणून माझं डोस्कं असं फिरलं की उरलेले सहा हिसकावून घेतले आणि थेट क्लबच्या सेक्रेटरीकडं गेले. ह्यो माणूस मुद्दाम पोरीचं सामान मोडतो, असं सांगितलं. सेक्रेटरीनं त्याला निवडीच्या दिवशी घरी बसायला लावलं. मला लई गार वाटलं.

निवडीच्या सकाळी रेषेवर जायच्या आधी सोनमनं स्वतःच एकेक बाण कानाला लावला. तिसऱ्यापाशी थांबली. परत वाकवला. मग माझ्याकडं बघत गुडघ्यावर मोडला.

"आई, आप्पांना घेऊन ये," ती म्हणाली. "पाचांवर भागवीन मी, पर त्यांनी बघितल्याबिगर एकबी सोडणार न्हाय."

अर्धा तास हातात हुता. रिक्षा करून त्याच्या दारात गेले. त्यो भाकरी खात बसलेला. उठला न्हाय, आत ये म्हणाला न्हाय. पोरीसाठी आलेय, तुझ्या पाया पडायला न्हाय, असं मी आधीच सुनावलं.

"पाया नको पडू. मार कशाचा बसला, ते सांग."

मी सांगितलं. बोलताना माझी मान वर हुईना.

"मला न्हाय. सेक्रेटरीला सांग," म्हणाला आणि पुढला घास मोडला.

त्याच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून मी फोन लावला. "नारळ पडला हुता, साहेब. मला ठाऊक हुतं."

तवा त्यानं हात धुतले आणि पायात चप्पल घातली.