‘जुणी’ पट्टी

माझ्या बायकोच्या पाठीवर मी एकाच औषधाच्या चार पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या. एका वेळी एकच ठेवायची असते.

हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी स्वतःबद्दल काही बरं बोलू लागलो, तर तुम्ही सावध राहाल.

शैला, माझी बायको, मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची. शाळेत तिची एक आज्ञा प्रसिद्ध होती: ‘आधी उसवा, मग शिवा.’ चुकलेल्या टाक्यावर दुसरा टाका घालून चूक झाकणाऱ्या मुलीची तिच्याकडे धडगत नसे. आणि या बाईने दोन वर्षांपूर्वी माझ्या नव्या सदऱ्याला दोन्ही बाजूंनी काजं केली. बटणं कुठेच नाहीत. मला गंमत वाटली. मी तो सदरा सोसायटीत चार जणांना दाखवला. ती हसली नाही. दुपारभर सदरा मांडीवर घेऊन बसली होती आणि काजांवरून बोट फिरवत होती. खरं तर तेव्हाच घाबरायला हवं होतं. मी हसण्यात सहा महिने घालवले.

मग तपासण्या झाल्या. रक्ताच्या झाल्या, कारण थायरॉइड किंवा बी-ट्वेल्व्ह कमी असलं तरी माणूस विसरतो. एमआरआय झाला, म्हणजे मेंदूचे आतले फोटो. शेवटी डॉक्टरबाईंनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. शैलाने वर्तुळ सुरेख काढलं, शिवणाऱ्या माणसाचा हात तो. पण बाराही आकडे उजव्या अंगाला गर्दी करून बसवले. डावी बाजू कोरी. त्या कोऱ्या अर्ध्या घड्याळाकडे बघताना माझं हसणं थांबलं.

डॉक्टर म्हणाल्या, “अल्झायमर्स डिसीज. मेंदूतल्या पेशी हळूहळू कमी होत जातात. आठवण आधी जाते, मग रोजची कामं.”

“औषधाने जाईल?”

“आजार जाणार नाही. काही गोष्टी काही काळ थोड्या सोप्या होतील. झाल्या तर.”

औषधाचं नाव रिवास्टिग्मिन. मेंदूतल्या पेशी ज्या रसायनातून एकमेकींना निरोप देतात, ते रसायन हे औषध लवकर मोडू देत नाही. एवढं मला कळलं होतं. तेच रसायन हृदयालाही हळू चालायला सांगतं, हेही त्यांनी सांगितलं होतं म्हणे. त्या वेळी मी मान हलवत होतो.

आधी कॅप्सूल होत्या. महिन्याभरात कळलं की शैला त्या गालात धरते आणि मी वळलो की चष्म्याच्या घरात टाकते. चष्म्याचं घर मिटेनासं झालं म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं. मग डॉक्टरांनी पट्टी लिहून दिली. इंग्रजीत पॅच. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, अंगाच्या रंगाची. पाठीवर चिकटवायची, औषध कातडीतून आत जातं. रोज एक, आणि रोज वेगळ्या जागी, म्हणजे कातडी लाल होत नाही.

तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “काका, पट्टी कशी लावायची ते एकदा दाखवते.”

मी म्हणालो, “राहू द्या. ही पाठ मी चव्वेचाळीस वर्षं बघतोय.”

असले विनोद मला सुचतात. त्यांची किंमत पुढे मोजावी लागते. सिस्टरनी मराठीत टाइप केलेला सूचनांचा एक झेरॉक्स कागद माझ्या हातात दिला.

आता माझा धंदा सांगायला हवा. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. छपाईआधी मजकुरातल्या चुका काढायच्या, एवढंच काम. रिक्षात बसल्या बसल्या मी लाल पेन काढलं. विश्रांतवाडीचं घर येईपर्यंत त्या एका पानात ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि न-णच्या मिळून सतरा चुका काढल्या. सगळ्या दुरुस्त केल्या, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना भेट द्यावा म्हणून कागद फाइलमध्ये ठेवला. इतक्या बारकाईने तो कागद त्या दवाखान्यात कोणी वाचला नसेल.

सोमवारी सकाळी पहिली पट्टी उजव्या खांद्याच्या खाली लावली. मंगळवारी दुसरी, डावीकडे. आधीची काढावी असं माझ्या मनातही आलं नाही. आमच्या घरात पाठीला लागायचं ते कंबरदुखीचं प्लास्टर, तपकिरी, भोकाभोकांचं. ते आपणहून सुटेपर्यंत काढायचं नाही, नाहीतर गुण येत नाही, असा माझ्या आईचा कायदा होता. आठवडाभर अंघोळीत भिजून त्याच्या कडा काळ्या व्हायच्या, पण हात लावायची कोणाची छाती नव्हती. तोच कायदा मी मेंदूच्या औषधाला लावला.

मंगळवारी संध्याकाळी शैलाला मळमळायला लागलं. ‘सुरुवातीला थोडी मळमळ होईल,’ हे डॉक्टरांचं वाक्य मात्र माझ्या बरोबर लक्षात होतं. बुधवारी ती दोनदा ओकली. तिला अंघोळ घालायला येणाऱ्या मंदाबाईंनी मोरीतून विचारलं, “काका, काकूंच्या पाठीवर तीन-तीन चिकटपट्ट्या कशापायी?”

“डॉक्टरांनी सांगितलंय.”

“तीन सांगितल्यात?”

“मंदाबाई, तुम्ही अंघोळ घाला.”

शांतपणे विचारलेला योग्य प्रश्न मला आयुष्यात फार वेळा मिळाला आहे. मी दर वेळी असंच उत्तर दिलं आहे.

गुरुवारी सकाळी मी चौथी लावली. साडेनऊला शैला पोह्यांच्या बशीसमोर बसली होती. तिच्या कपाळावर घाम आला. पंखा चालू होता. ती म्हणाली, “अहो, धरा,” आणि खुर्चीतून एका बाजूला कलंडली. मी धरलं. हात बर्फासारखे. पहिल्यांदा मला तिची नाडी सापडलीच नाही. मग एक ठोका लागला, आणि पुढचा इतक्या उशिरा आला की मधल्या वेळात मी तिच्याशिवायचं घर बघून घेतलं.

आमची मुलगी अनघा येरवड्याला राहते. ती गाडी घेऊन आली आणि आम्ही जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचलो. तिथल्या तरुण डॉक्टरने तिला कुशीवर वळवलं, ब्लाउज मागून वर केला आणि थांबला.

“चार?”

मी म्हणालो, “रोज वेगळ्या जागी.” हे मी अभिमानाने म्हणालो, हे लिहिताना आज माझी मान खाली जाते.

त्याने चारही पट्ट्या काढल्या, ओल्या कापडाने पाठ पुसली, सलाईन लावलं. छातीला वायरी जोडल्या. पडद्यावर आकडा आला: अडतीस. हृदयाचे मिनिटाला ठोके. साठच्या वर हवेत. त्याने सिस्टरला अ‍ॅट्रोपिन आणायला सांगितलं, म्हणजे ठोके वाढवणारं इंजेक्शन. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “पट्टी काढली तरी कातडीत साठलेलं औषध काही तास आत जात राहतं. आज लक्ष ठेवावं लागेल.”

“धोका आहे?”

“आहे.”

पुढचे काही तास मी त्या आकड्याकडे बघत होतो. इंजेक्शनने तो बावन्नावर गेला, मग पुन्हा त्रेचाळीसवर आला. मला असं वाटायला लागलं की आपण नजर काढली तर तो आणखी खाली जाईल. म्हणून लघवीलाही उठलो नाही. अनघाने चहा आणला, तो गार झाला. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. ती गेली तर लोक म्हणतील, आजाराने गेली. शेजारी माझ्या पाठीवरून हात फिरवतील, किती केलंत हो तिचं, म्हणतील. खरं काय ते फक्त मला माहीत असेल. आणि मंदाबाईंना.

त्यामागून दुसरी भीती आली. एका वेळी एकच पट्टी, हे मी विसरलो होतो का? हाच आजार मलाही आहे का? घरात दोघांनाही असेल, तर आठवण करून द्यायची कोणी कोणाला?

दुपारी, अनघाने फोन केल्यावर, आमच्या डॉक्टरबाई तिथे आल्या. त्यांनी आकडा बघितला, शैलाचे डोळे बघितले आणि मला म्हणाल्या, “ब्लडप्रेशरची जी गोळी त्या घेतात, ती आधीच ठोके कमी करते. म्हणून मी सगळ्यात लहान पट्टी दिली होती. तुम्हाला सूचनांचा कागद मिळाला नव्हता?”

अनघाने फाइल उघडून कागद त्यांच्या हातात दिला. पान लाल झालेलं. डॉक्टरांनी ते लांब धरलं, मग जवळ घेतलं. सहावी ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. मूळ छपाई होती, ‘नवी पट्टी लावण्यापुर्वी जुणी पट्टी काढुन टाकावी.’ मी ‘पुर्वी’चा ‘पूर्वी’ केला होता, ‘जुणी’ची ‘जुनी’ आणि ‘काढुन’चं ‘काढून’. एका ओळीत तीन गोल.

“शुद्ध झालं आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणजे वाचलं होतंत.”

“शुद्धलेखन वाचलं,” मी म्हणालो.

अनघा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ती हसत नव्हती.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आकडा छप्पन्न झाला आणि तिथेच टिकला. मग साठ. मग चौसष्ट. शैलाने डोळे उघडून छतावरच्या दिव्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं. मी पेला धरला, तेव्हा कुठे माझी नजर त्या आकड्यावरून हलली.

आम्ही तिथे दोन दिवस होतो. घरी जाताना मी डॉक्टरबाईंना म्हणालो, मलाही तपासा. त्यांनी कागद पुढे सरकवला. मी घड्याळ काढलं, बाराही आकडे जागच्या जागी. घाबरून सेकंदकाटाही काढला.

त्यांनी कागद बाजूला ठेवला. “तुम्ही काही विसरलेला नाहीत. विसरायला आधी ऐकून घ्यावं लागतं. त्यावर पट्टी मिळत नाही.”

तुमच्या घरी हे औषध येणार असेल, तर माझं ऐका, मी कोणाचं ऐकलं नाही म्हणून सांगतोय. सिस्टर दाखवते म्हणाल्या की बघा, आणि त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः एकदा करून दाखवा. जुनी काढल्याशिवाय नवीचं पाकीट फाडायचं नाही. काढलेली पट्टी दुमडून, चिकट बाजू आत करून, मुलंबाळं आणि कुत्री-मांजरं पोचणार नाहीत अशा जागी टाकायची, कारण तिच्यात औषध उरलेलं असतं. हात साबणाने धुवायचे, आणि तोवर डोळ्याला लावायचे नाहीत. पट्टीवर शेकायची पिशवी ठेवायची नाही. उष्णतेने औषध भराभर आत जातं. एखादा दिवस राहून गेला तर भरपाई म्हणून दोन लावायच्या नाहीत. दोन-तीन दिवस राहिली तर आपल्या मनाने परत सुरूही करायची नाही, आधी डॉक्टरांना फोन करायचा. दुसऱ्या डॉक्टरकडे, अगदी दात दाखवायला गेलात तरी, ही पट्टी चालू आहे हे सांगायचं. आणि पेशंट ओकायला लागला, चक्कर आली, गळून गेला, तर ‘सुरुवातीला होतं असं’ म्हणत बसू नका, पट्टी काढा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. मी दीड दिवस म्हणत बसलो होतो.

चोवीस तास पट्टी नाही, मग डॉक्टरांनी विचार करून पुन्हा ती लहानच सुरू केली. पण माझ्यावर विश्वास उरला नव्हता. पहिले पंधरा दिवस अनघा रोज सकाळी सात वाजता येऊन स्वतः पट्टी बदलायची. मी शेजारी उभा राहून कॅलेंडरवर पाठीचं चित्र काढून त्यात जागेवर फुली मारायचो. नंतर तिने मला लावू दिली, व्हिडिओ कॉल चालू ठेवून. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची तोंडी परीक्षा रोज होते, आणि परीक्षक पोटची पोर.

मला खरी मदत मात्र शैलाने केली. एका सकाळी मी पाकीट हातात घेऊन तिच्या मागे उभा होतो आणि नेहमीसारखं स्वतःशी पुटपुटत होतो, आधी जुनी, आधी जुनी. ती वळली नाही. शाळेतल्या आवाजात म्हणाली, “आधी उसवा, मग शिवा.”

मी पाकीट खाली ठेवलं आणि आधी जुनी काढली.

तेव्हापासून मी रोज विचारतो, “बाई, काय करू?” बहुतेक दिवशी ती म्हणते, “उसवा.” मी जुनी काढतो, तिला दाखवतो, दुमडतो. मग नवी. ज्या दिवशी ती काही बोलत नाही, त्या दिवशी मी फार घाबरतो. ते दिवस हल्ली वाढलेत. त्या सकाळी मी तिच्या मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर ठोके मोजतो, मगच पाकीट फाडतो.

गेल्या रविवारी अनघा आली होती. मी पट्टी बदलत होतो. शैलाने मान वळवून माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि मग अनघाला विचारलं, “हे कोण?”

“आई, हे बाबा. तुझी पट्टी रोज हेच बदलतात.”

शैलाने माझ्याकडे पुन्हा एकदा बघितलं, टाका तपासावा तसं.

“पट्टी रोज बदलता ना,” ती म्हणाली, “मग हा माणूस जुनाच का ठेवलाय?”