दोन थरांमधला भुसा

सदाशिव गेल्याचा फोन आला तेव्हा मी बैलकुप्पेच्या रस्त्यावर डांबराच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. त्याच्याशी एकदा कडकडून भांडायचं होतं... ते राहूनच गेलं.

आम्ही दोघं अग्रहारातले, एकाच गल्लीतले. मी खडी वाहता वाहता रस्त्यांचा कंत्राटदार झालो. तो शिकून रस्त्यांचे दोष तपासणारा इंजिनिअर झाला. याच मार्गावर मी केलेला एक पट्टा वर्षाच्या आत पापुद्र्यांसारखा सुटू लागला आणि तपासायला नेमका तोच आला. माल हलका होता असं त्याने लिहिलं असतं, तर मला पुन्हा सरकारी काम मिळालं नसतं. भर उन्हात गुडघ्यांवर बसून त्याने रस्त्यावरून तळहात फिरवला, मग यंत्राने गोल ठोकळा कापून काढला. तो हातातच दोन थरांत सुटा झाला. काय दिसतंय, मी विचारलं. ‘‘सुम्ने रहा रे, गप बस,’’ एवढंच म्हणाला.

त्यानंतर त्याचं संध्याकाळी कॉफीला येणं थांबलं. फोन वाजला की मला घाम फुटायचा. भेटेल त्याच्यापाशी मी सदाशिवला शिव्या घालत होतो.

अहवाल देऊन मात्र तो सरळ माझ्या घरी आला. ‘‘माल चोख आहे. खालच्या थरावर गावकऱ्यांनी रागीची कणसं पसरली होती, गाड्यांखाली मळायला. भुसा राहिला, त्यावर तू वरचा थर टाकलास. चिकटेल कसा?’’

मी उसळलो. रस्ता खुला ठेवायचा हुकूम खात्याचा, रागी गावकऱ्यांची, आणि दोष माझा?

‘‘झाडायचं काम तुझं होतं. तेवढा पट्टा पुन्हा कर, नाव शाबूत आहे. आता कॉफी सांग.’’

म्हणजे याला ठोकळा सुटा झाला तेव्हाच कळलं होतं! एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं?

सदाशिवचं दिवसकार्य झाल्यावर त्याच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, ‘‘त्या तपासणीच्या दिवसांत ते तुमचं घर टाळून मंडी मोहल्ल्यातून वळसा घालून ऑफिसला जायचे, भावजी. म्हणायचे, त्याचं तोंड दिसलं की अहवालाआधीच बोलून जाईन.’’ तरी सांगतो, बोलायला हवं होतं त्याने.

त्याने खिडकीत जपून ठेवलेला तो ठोकळा वहिनींनी मला दिला. दोन्ही तुकडे आता माझ्या गाडीत असतात. वरचा थर टाकण्याआधी माणसं झाडून जातात, तरी मी उतरून तळहात फिरवतो. काल हात स्वच्छ निघाला... मी पुन्हा फिरवला.