एकेचाळीस मार्कांचा गणिती

आमच्या दादाला कोणी हुशार म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्याला तर मुळीच नाही. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. कॉलेजात असताना त्याला मनाचा आजार झाला. नसलेले आवाज ऐकू यायचे. चार वर्षं त्यातच गेली, मग औषध लागू पडलं आणि तेव्हापासून रोजच्या गोळ्यांवर तो ठणठणीत आहे. रोपवाटिकेत गुलाबाची कलमं बांधतो, आई गेल्यापासून इंदिरानगरला आमच्याकडे राहतो आणि माझ्या आमटीला नावं ठेवतो. नातेवाइकांच्या लेखी मात्र तो अजून त्या चार वर्षांतच होता. लग्नाच्या पत्रिका माझ्या नावाने यायच्या आणि मागाहून फोन, "त्याला नको आणू गं, गर्दीचा त्रास होईल त्याला." त्रास नक्की कोणाला होणार होता ते मला चांगलं ठाऊक होतं. मी लग्नाहून परत आले की दादा नवरी कशी होती, कोण कोण आलं होतं, सगळं खोदून खोदून विचारायचा. मला ते सांगवत नसे.

मग तो पिक्चर आला. नांदगावची मावशी गुडघे दाखवायला नाशिकला आमच्याकडे आली होती. रविवारी दुपारी टीव्हीवर कुठल्याशा परदेशी गणितज्ञाचा पिक्चर लागला, हिंदीत डब केलेला. पिक्चरमधला गणितज्ञ कधी केस विंचरत नाही. त्याला कागद पुरत नाहीत, भिंतीच लागतात. बायको बोलायला लागली की हा छताकडे बघतो. अर्ध्यात त्याला वेड लागतं आणि शेवटी भल्यामोठ्या सभागृहात लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मला गणित शिकवणारे सर तेल लावून चापूनचोपून भांग पाडायचे आणि घरी जाताना मेथीची जुडी निरखून घ्यायचे, पण अशा माणसावर पिक्चर कोण काढणार? नुसत्या आजाराचंही तेच. हुशारीची जोड असल्याशिवाय वेडाला पडद्यावर प्रवेश नाही.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा मावशी टीव्हीकडे नाही, दादाकडे बघत होती. तो शांतपणे शेंगा सोलत बसला होता.

"आपला पोरगा लय हुशार हाय गं," ती माझ्या कानात म्हणाली. "आपल्यालाच कळलं नाय."

मी पोट धरून हसले. पण मावशी नांदगावला गेली आणि तिने ही बातमी घरोघर पोचवली. आठवड्याभरात दोन मावसभावांचे फोन आले, दादा सध्या कशावर काम करतोय म्हणून. मावशीची दहावीतली नात माझ्या मोबाईलवर गणितांचे फोटो पाठवायला लागली. दादाने चष्मा लावून पहिला फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हे मला तेव्हाही येत नव्हतं." आता कबूल करते, ती गणितं मी शेजारच्या इंजिनीअर बाईंकडून सोडवून घेतली आणि दादाच्या नावावर पाठवून दिली. लबाडीच ती, पण मला तिची जराही लाज वाटली नाही.

महिन्याभरात मावशीच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर दादाचं नाव पहिलं, माझं त्याखाली. त्याने ती फ्रीजवर चुंबकाने लावली आणि जाता-येता वाचू लागला. तेवढ्यात ओट्यावरच्या माझ्या मोबाईलवर नातीचा मेसेज आला, "थँक्यू काका, सगळी गणितं बरोबर आली!"

दादाने तो वाचून माझ्याकडे पाहिलं. मी भाजीकडे पाहिलं.

"मावशीला फोन लाव," तो म्हणाला.

मी भडकले. "मान मिळतोय तर घे की गुपचूप! कोणाचं काय बिघडतंय?" आणि बोलता बोलता माझंच खरं बाहेर पडलं. त्याच्या त्या चार वर्षांच्या बदल्यात त्याला काहीतरी मोठं मिळालेलं असावं असं मला फार वाटत होतं. उगीचच गेली ती वर्षं, हे मला सोसत नव्हतं. मी ते तसंच त्याला सांगितलं, नाक ओढत.

तो हसला. "मला गणित येत नाही गं. मला नुसतंच वेड लागलं होतं. आणि मी त्यातून बरा झालो, हे काय थोडं झालं?" मग पत्रिकेकडे बोट दाखवून म्हणाला, "हे बोलावणं त्या पिक्चरमधल्या माणसाला आहे. मला मी म्हणून जायचंय."

त्याने स्वतःच फोन लावला, स्पीकरवर. "मावशी, मला दहावीला गणितात एकेचाळीस मार्क होते. नातीची गणितं मी सोडवलेली नाहीत. मला आजार झाला होता, गोळ्या अजून चालू आहेत, म्हणून बरा आहे. आता सांग, लग्नाला येऊ का नको?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, मग मावशीने गॅस बंद केल्याचा खट आवाज आला. मी पदर खोचून उभी होते. तिला काय काय सुनावायचं ते मनात तयार होतं.

"गोळी जेवायच्या आधी घेतो का नंतर?" मावशीने विचारलं.

"नंतर."

"मग तुझं ताट पहिल्या पंगतीला लावायला सांगते. आमच्याकडं जेवणं लय लांबत्यात, तुझी येळ चुकायला नको."

इतक्या वर्षांत आमच्या नात्यातल्या कोणीही त्याला हा प्रश्न विचारला नव्हता.