सोलोच्या मध्येच गेलेला करंट

मंडळी, एक सांगायचंच आहे.

आज धारवाडला कॉलेजच्या पोरांनी आमच्या हार्ड रॉकच्या जुन्या कॅसेटमधली सगळी गाणी स्टेजवर स्वतः वाजवली. ऐंशीच्या दशकात केशवापूरच्या एका खोलीत रेकॉर्ड केलेली. गिटार माझी, ड्रम वीरेशचा.

शेवटच्या गाण्यात गिटार ऐन रंगात असताना गप्प. नुसता ड्रम! "करंट गेला," म्हणत मी उठलोच. शेजारच्या वीरेशनं खाली ओढलं. "वर बघ की, पंखा फिरतोय."

रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र खरंच गेला होता. टेपरेकॉर्डर सेलवर, कोरी कॅसेट एकच, म्हणून करंट येईपर्यंत वीरेश एकटाच वाजवत राहिला.

पोरांनी गिटार तेवढाच वेळ थांबवली होती, अगदी मोजून! नंतर विचारलं, "अण्णा, ही जागा सुचली कशी?"

वीरेशनं माझ्याकडे बघितलं. त्या वेळी "करंट गेल्यावर थांबला का नाहीस?" म्हणून भांडून मी वर्षभर त्याच्याशी बोललो नव्हतो.

तुम्ही काय सांगितलं असतं?